आठ ते आठ

२५ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, भाईंदर (पश्चिम)

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ च्या वेळवापर पाहणीचे आकडे आज जाहीर केले. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईचं काम दहा मिनिटांनी कमी झालं आणि पुरुषाचंही नऊ मिनिटांनी. दोघांमधलं अंतर होतं तिथेच आहे. शिवाय ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात सव्वीस होते आणि बायका एक्याऐंशी.

मुलं, म्हातारी, आजारी माणसं सांभाळण्याचा हिशेब वेगळा दिला आहे. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया हे काम करतात आणि रोजची १४० मिनिटं देतात. पुरुष २१.४ टक्के, त्यांची मिनिटं ७४.

या पाहणीत आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंतचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करून माणसाला विचारतात, या वेळात काय केलंत? आजारी माणसाच्या खोलीकडे कान देऊन पडलेली बाई रात्री दोन ते अडीचच्या रकान्यात काय सांगत असेल? माझ्या अंदाजाने ती ‘झोपले होते’ असंच सांगत असेल.

८ मार्चला इथल्या एका वाचनालयात बोलायचं आहे. विषय मीच दिला : जोन ट्रॉन्टो या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ बाईंचा काळजीविषयीचा विचार. राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेने हा विषय का घ्यावा, तो तर घरातला आहे, असं कार्यवाह फोनवर म्हणाले. व्याख्यान इथूनच सुरू करायचं ठरवलं आहे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी. सासूबाईंना सकाळी खुर्चीत बसवलं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आता वॉकर धरून चार पावलं टाकतात, पण मागे कुणीतरी उभं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मावशी. सकाळी आठला येतात, रात्री आठला जातात. रुग्ण सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या आहेत, राहायला नालासोपाऱ्याला. आज सणाचा म्हणून त्यांनी आमच्याकडेच उपास केला. मी वऱ्याचे तांदूळ केले, दाण्याची आमटी त्यांनी केली.

सासूबाईंचं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं. इथे आम्ही आलो तेव्हा भाईंदर झपाट्याने वाढत होतं. २००१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या पाच लाख वीस हजार होती, २०११ मध्ये आठ लाख नऊ हजार झाली. गिरगाव, परळ, लालबागची कितीतरी कुटुंबं त्यात आहेत. चाळीत दोन खोल्या होत्या, इथे हॉल-किचनला दोन बेडरूम मिळाल्या. पण चाळीच्या गॅलरीतून येताजाता प्रत्येक घरात नजर पडायची. कुणाचं पोर रडतंय, कुणाची म्हातारी सकाळपासून बाहेर आली नाही, हे न विचारता कळायचं. ती नजर ट्रकमध्ये घालून आणता आली नाही. वर रोजचा चर्चगेटपर्यंतचा प्रवास, जाऊन येऊन अडीच-तीन तास. हे तास बहुतेक घरांत माणसांच्या वाट्याचेच कमी झाले.

ट्रॉन्टोबाईंनी १९९० मध्ये बेरेनिस फिशर यांच्याबरोबर काळजीची व्याख्या केली. आपलं जग आपल्याला जमेल तितकं चांगलं जगता यावं म्हणून ते टिकवणं, चालू ठेवणं, दुरुस्त करणं यासाठी जे जे केलं जातं ते सगळं त्यांनी त्यात घेतलं. शरीर आलं, माणसं आली, परिसरही आला. ‘मॉरल बाउंडरीज’ या १९९३ च्या पुस्तकात त्यांनी हे काम चार टप्प्यांत पाहिलं. गरज आहे हे लक्षात येणं. तिची जबाबदारी अंगावर घेणं. प्रत्यक्ष हातांनी करणं. आणि ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडून उत्तर येणं, बरं वाटलं की नाही ते.

आमच्या घराला लावून पाहिलं. सासूबाई एकट्या उठू शकत नाहीत हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. जबाबदारी नवऱ्याने घेतली, म्हणजे ब्युरोला फोन केला, अनामत भरली, महिन्याचे पैसे देतो. प्रत्यक्ष काम मावशी करतात. कूस बदलणं, पाठीला पावडर, बेडपॅन, वेळच्या वेळी गोळ्या. आणि चौथा टप्पा सासूबाईंचा, पण त्यांना कुणी फारसं विचारत नाही. ट्रॉन्टोबाईंचं निरीक्षण नेमकं इथे आहे. पहिले दोन टप्पे सत्ता असणाऱ्यांकडे जातात, उरलेले दोन सत्ता नसणाऱ्यांकडे. मंत्री गरिबांची काळजी ‘घेतात’, मालक कामगारांची ‘घेतात’, मुलगा आईची ‘घेतो’, आणि हात दुसऱ्याचेच खराब होतात. हात खराब न करण्याची जी मुभा काहींना आपोआप मिळते, तिच्यावर त्यांनी सगळा रोख ठेवला. मी म्हणूनच याला राज्यशास्त्र समजते. कुणाला काय मिळतं, हे या शास्त्रात शिकवतातच. कुणाला काय टाळता येतं, हेही तितक्याच कसून शिकवायला हवं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळच्या लोकलमध्ये आजही वाटाणे सोलले जात होते. पश्चिम रेल्वेवर पहिली महिला विशेष गाडी १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट ते बोरिवली अशी सुरू झाली. तेव्हापासून ही गाडी म्हणजे धावतं स्वयंपाकघर, असं कौतुकाने लिहिलं जातं. मला ते कौतुक कधी पटलं नाही. दमलेल्या बाईला तासभर खिडकीबाहेर नुसतं बघत बसता येऊ नये, यात कौतुक कसलं?

टी.वाय.च्या वर्गात कॅरल गिलिगन शिकवली. १९८२ चं ‘इन अ डिफरंट व्हॉइस’. नैतिक प्रश्न मुलगे नियमाने सोडवतात, मुली नात्यांचा विचार करून, आणि मानसशास्त्राने नियमाच्या वाटेला वरची पायरी दिली, हा तिचा आक्षेप. वर्गातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे शेवटी बायका मायाळूच असतात, असंच झालं ना?” प्रश्न अगदी मोक्याचा होता. ट्रॉन्टोबाईंनी १९८७ च्या लेखात हाच मुद्दा लावून धरला होता. नात्यांचा विचार करणारा आवाज बाईच्या रक्तात नसतो. ज्याला दुसऱ्याच्या मर्जीवर जगावं लागतं, तो दुसऱ्याचं मन वाचायला शिकतो, मग तो नोकर असो, गुलाम असो की सून. वर्ग एकदम जागा झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “माझ्या बाबांना शेठच्या चपलांच्या आवाजावरून त्याचा मूड कळतो.” त्याचे वडील दुकानात कामाला आहेत.

२ मार्च, रविवार

आज पहिला रोजा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जैन आजींकडे रात्रपाळीला नयानगरची एक बाई येते. आजींना सूर्यास्ताआधी भरवायचं असतं, म्हणून ती लवकर येते. स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली बाई आजींना मऊ खिचडी भरवते, तोंड पुसते आणि मग आपली पिशवी घेऊन जिन्यात जाते. रोजा सोडायला तिला घरात जागा नाही. खजूर आणि पाणी जिन्याच्या पायरीवर. आमच्या दाराशी बोलावलं, आली, पण बसायला तयार नव्हती. आजींच्या घरचे काय म्हणतील, याची तिला धास्ती.

दुपारभर शर्मिला रेगे वाचत होते. ट्रॉन्टोबाईंच्या शेजारी त्यांना ठेवल्याशिवाय महाराष्ट्रात हे व्याख्यान देऊ नये असं मला मनापासून वाटतं. रेगेबाई पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुख होत्या, १३ जुलै २०१३ ला गेल्या, वयाची पन्नाशीही झाली नव्हती. गोपाळ गुरूंनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळं बोलतात असा लेख लिहिला. १९९८ मध्ये रेगेबाईंनी त्याला पुढे नेणारी टीका केली. सत्तरच्या दशकातल्या चळवळींनी दलित म्हणजे पुरुष धरला आणि बाई म्हणजे सवर्ण, दलित बाई दोन्हीकडून गळाली, हे त्यांनी दाखवलं. वेगळेपणाची नुसती नोंद करून भागणार नाही, स्त्रीवादालाच आपली उभी राहण्याची जागा बदलावी लागेल, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या २००६ च्या पुस्तकात दलित स्त्रियांची आत्मकथनं आहेत. बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार आणि आणखी काही जणी. काळजीचा विषय मनात ठेवून ती वाचली की वेगळंच दिसतं. बाळंतपणं, उपाशी पोरं, आयदानं विणून घर चालवणारी आई. राबणं तेच, पण त्याला घराबाहेर कुणी ‘त्याग’ म्हटलं नाही. सवर्ण घरातल्या आईच्या कष्टांवर कविता झाल्या. गावाचं मेलेलं ढोर ओढणाऱ्या, गावाची घाण काढणाऱ्या घरातल्या आईचे कष्ट विटाळ ठरले. गाव तिच्या घरच्यांच्या हातांवर निरोगी राहिलं आणि तिलाच वेशीबाहेर ठेवलं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं आहे की जातीत श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी होते. ट्रॉन्टोबाई ज्या टाळण्याच्या मुभेबद्दल लिहितात, ती आपल्याकडे जन्माबरोबर मिळत आली.

हे जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. ब्युरोला फोन करणारे काही लोक बाई कोणत्या जातीधर्माची आहे ते आधी विचारतात, आणि मग त्याच बाईने आपल्या वडिलांचे कपडे बदलावेत अशी अपेक्षा धरतात.

४ मार्च, मंगळवार

संध्याकाळी बसने उत्तनला. जुन्या विद्यार्थिनीची आई मासे विकते. बाळंत झालेल्या सुनेजवळ सध्या तीच बसते आणि तिची पाटी शेजारीण घेऊन जाते. पुढे शेजारणीच्या घरी अडचण आली की उलट. एवा किटे या तत्त्वज्ञ बाई म्हणतात की जो दुसऱ्याला सांभाळतो त्याला सांभाळण्याची सोय समाजाने करायला हवी. स्वतःच्या अपंग मुलीला वाढवताना त्यांनी हा विचार मांडला. उत्तनमध्ये ही सोय बायकांनी आपापसात केलेली आहे. मिरा-भाईंदरची नगरपालिका होऊन चाळीस वर्षं होत आली, महापालिका होऊन तेवीस झाली. त्यांच्याकडून अशी सोय अजून यायची आहे.

७ मार्च, शुक्रवार

अरुणा शानभाग निकालाला आज चौदा वर्षं झाली. उद्याच्या व्याख्यानाचा मध्य मी इथेच ठेवला आहे, म्हणून निकाल पुन्हा पहिल्यापासून वाचला.

घटना सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यातच लिहिते. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी केईएम रुग्णालयात तिथल्याच एका सफाई कामगाराने या तरुण नर्सवर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती केईएममध्येच होती, चार नंबरच्या वॉर्डालगत. लेखिका पिंकी विराणी यांनी तिची ‘हितचिंतक मित्र’ म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की तिला आता शांतपणे जाऊ द्यावं. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांच्यापुढे ती चालली.

या निकालामुळे भारतात निष्क्रिय दयामरणाला उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली वाट मिळाली. कायद्याच्या पुस्तकांत तो याच गोष्टीसाठी आहे. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट दूरवर जाणारी वाटते. न्यायालयापुढे प्रश्न होता : जिला बोलता येत नाही, जिचे आईवडील नाहीत, जिच्याकडे नातेवाईक फिरकत नाहीत, तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा? पुस्तक लिहिणाऱ्या, तिच्याविषयी कळकळ असणाऱ्या लेखिकेचा की केईएमच्या कर्मचाऱ्यांचा? न्यायालयाने उत्तर दिलं, कर्मचाऱ्यांचा. विराणींच्या कळकळीबद्दल आदर दाखवूनही सांगितलं की रात्रंदिवस इतकी वर्षं तिला ज्यांनी सांभाळलं त्यांच्या अरुणाशी असलेल्या नात्याची बरोबरी विराणींचा संबंध करू शकत नाही. उद्या या कर्मचाऱ्यांचंच मत बदललं, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं.

रक्ताचं नातं नाही, मृत्युपत्र नाही, करार नाही. कूस बदलणं, भरवणं, पुसणं, हे रोज केल्यामुळे बोलण्याचा अधिकार आला. तिच्या अंगावर एकही बेडसोअर होऊ दिला नाही, याची दखल निकालात आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ज्याने पंधरा दिवस जरी सांभाळलंय, त्याला या वाक्याचं वजन कळेल. ऐंशीच्या दशकात मुंबई महापालिकेने तिला केईएमबाहेर हलवायचा घाट घातला, तेव्हा नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. जुन्या नर्सेस निवृत्त झाल्या, नव्या आल्या. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती ही बाई सोपवली.

पण मग चौथा टप्पा? अरुणाचं उत्तर कुणी ऐकलं? न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला तपासलं. न आवडलेला घास ती थुंकून टाकते, मासे किंवा चिकनचं सूप मिळालं की हसते, असं नर्सेसनी त्यांना सांगितलं. त्या हसण्यात इच्छा वाचायची की नुसती प्रतिक्षिप्त क्रिया, यावर दोन बाजू पडल्या. ट्रॉन्टोबाई काळजीचे दोन धोके सांगतात. सांभाळणाऱ्याला वाटू लागतं की याचं भलं मलाच कळतं. आणि जवळच्याच माणसाची काळजी दिसते, लांबची दिसत नाही. केईएमच्या नर्सेसवर पहिला आरोप झाला. मी तो पुरता फेटाळू शकत नाही. तरी माझा कौल त्यांच्याच बाजूने आहे. नर्सेस चुकल्या असतील तर रोज सकाळी तिच्या खाटेशी येऊन ती चूक पाहण्याची संधी त्यांना होती. लांबून निर्णय घेणाऱ्याला ती संधी मिळत नाही.

२०१८ च्या ९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवायचं इच्छापत्र मान्य केलं. सासूबाईंशी यावर बोलायला हवं. आपण सगळे त्यांच्या वतीनेच बोलत असतो.

८ मार्च, शनिवार

वाचनालयाचं सभागृह भरलं. व्याख्यानापेक्षा नंतरची चर्चा लिहून ठेवते.

एक निवृत्त गृहस्थ उठले, फार तळमळीने बोलले. “मॅडम, आमच्या आईने कधी मिनिटं मोजली नाहीत. मोजून केली ती सेवा कसली? पैशात आणलंत की माया संपली.” काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मी २०२१ च्या जानेवारीतला कीर्ती खटला सांगितला. अपघातात गेलेल्या गृहिणीच्या उत्पन्नाचा प्रश्न होता. न्यायमूर्ती रमणा यांनी वेळवापर पाहणीतली तीच २९९ आणि ९७ मिनिटं निकालात लिहिली आणि म्हटलं की गृहिणीच्या कामाचं मोल धरणं म्हणजे तिच्या श्रमांची दखल घेणं. माया न मोजता करता येते, पण ती करणारी बाई गेल्यावर विमा कंपनी मोजतेच आणि शून्य लावायला बघते. मग मोजमाप आपणच का करू नये?

मग मागून एक अंगणवाडी सेविका उठल्या. काशिमिऱ्याच्या पाड्यांकडे काम करतात. त्यांचं उत्तर माझ्याहून चांगलं होतं. “आम्हाला मानधन देतात, पगार देत नाहीत, कारण आम्ही सेवा करतो म्हणे. पोरांची वजनं घ्या, आहार द्या, गरोदर बायकांच्या घरी जा, वर मोबाइलवर माहिती भरा. डिसेंबर २०२३ ला संपावर गेलो, जानेवारी संपत आला तरी रस्त्यावर होतो. तेव्हा लोक म्हणाले, पोरांचं काय? आमच्या पोरांचं काय, हे कुणी नाही विचारलं.” सभागृह गप्प झालं. एकात्मिक बालविकास योजना १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाली, यंदा पन्नास वर्षं होतील. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तोवर त्या नोकरी करतात की नाही, हाच वाद होता.

शेवटी मी बाबासाहेबांचं १९२८ चं मुंबई विधिमंडळातलं म्हणणं सांगितलं. गिरणी-कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणात पगारी रजा देण्याचं विधेयक होतं. मालकांचा विरोध होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. अमेरिकेत काळजीची राजकीय मांडणी होण्याच्या कितीतरी आधी, गिरणीतल्या बाईच्या पोटाकडे पाहून, ती इथे झाली होती. आपल्या अभ्यासक्रमात हे भाषण ‘स्त्रियांसाठी केलेलं कार्य’ या मथळ्याखाली एका ओळीत उरकतात. ते राज्यसंस्थेच्या सिद्धांतात शिकवायला हवं.

ते गृहस्थ नंतर थांबले. त्यांच्या पत्नीला विस्मरणाचा आजार आहे, चार वर्षं ते एकटे सांभाळत आहेत. मोजायची भीती वाटते, म्हणाले. आम्ही बराच वेळ बोललो.

१० मार्च, सोमवार

आज सावित्रीबाईंचा स्मृतिदिन, आणि राज्याचा अर्थसंकल्पही आजच.

१८९७ चा मार्च डोळ्यांपुढे आणला की पुण्यात काळजीच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. सावित्रीबाईंनी प्लेगच्या रोग्यांसाठी डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून घेतलं, गावाबाहेर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या असं सांगतात. मग त्यांनाच लागण झाली आणि १० तारखेला त्या गेल्या. त्याच महिन्यात प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हुकमाने गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. रोग शोधणं, रोग्याला वेगळं ठेवणं, घर धुऊन काढणं, वैद्यकदृष्ट्या त्यातलं बरंचसं तेव्हाच्या समजुतीला धरून होतं. पण ज्यांच्यासाठी करायचं त्यांचं ऐकायचं नाही, असा तो खाक्या. पुढे जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली आणि त्यातच तो मेला. दोन्हीकडे साथीशीच लढाई होती. मुंढव्याचा मुलगा पाठीवर होता, त्याचं कण्हणं ऐकू येत होतं, एवढा फरक मला निर्णायक वाटतो.

संध्याकाळी बातम्या पाहिल्या. लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी. दीड हजाराचे एकवीसशे होतील असं आश्वासन होतं, ते आज आलं नाही. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंना हे पैसे मिळतात आणि त्यातून त्यांनी मुलाच्या क्लासची फी भरली. त्या पैशाची किंमत मला कमी करायची नाही. माझी मागणी त्याच्यापुढची आहे. वस्तीत सरकारी पाळणाघर, म्हाताऱ्यांना दिवसभर बसता येईल अशी जागा, घरी येणारी पगारी परिचारिका. बाईच्या खात्यात पैसे आले तरी खाटेशी उभं राहणारी तीच राहते. ट्रॉन्टोबाई २०१३ च्या पुस्तकात पाचवा टप्पा घालतात : काळजीची वाटणी कशी करायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवणं. त्यांच्या मते लोकशाहीचं मुख्य कामच हे आहे.

१२ मार्च, बुधवार

मावशींच्या मुलीची दहावीची परीक्षा चालू आहे. सकाळी पेपरला ती एकटीच जाते, कारण आई तेव्हा आमच्याकडे असते. आर्ली हॉखशिल्ड यांनी २००० साली जगभर पसरलेल्या काळजीच्या साखळीबद्दल लिहिलं. फिलिपिन्सची बाई अमेरिकेत मूल सांभाळते आणि तिचं मूल गावी दुसरी कुणी. आमची साखळी खाडीपुलाच्या अल्याडपल्याड आहे. नायगाव, वसई, नालासोपारा. परीक्षा संपेपर्यंत मावशी दहाला येतील आणि पगार पूर्ण राहील, असं ठरलं. आठ ते दहा नवरा सासूबाईंपाशी थांबतो आहे. काल बेडपॅन त्याने दिलं. सासूबाई आधी संकोचल्या, मग म्हणाल्या, “लहानपणी तुझं मीच काढलंय.”

आठवड्याची सुट्टी भरपगारी हवी, असं मावशींनी आज स्पष्ट सांगितलं. ब्युरो दरमहा कमिशन कापतो आणि सुट्टीचे पैसेही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. पुण्यातल्या मोलकरणी तर १९८० मध्येच संप करून संघटित झाल्या होत्या. यंदाच्या २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी देशभरचा कायदा करता येईल का, हे पाहायला समिती नेमायचा आदेश केंद्राला दिला. त्या कायद्यात रुग्ण सांभाळणाऱ्या बायका बसवतील का, हा माझा पुढचा लेख. सुट्टीचं आम्ही मान्य केलं. ब्युरोशी बोलणं व्हायचं आहे.

दुसरी गोष्ट आमच्या इमारतीची. इथे पाच-सहा घरांत दिवसपाळी-रात्रपाळीच्या बायका येतात. त्यांना डबा खायला, कपडे बदलायला, रोजा सोडायला जागा नाही. तळमजल्यावरची सोसायटीची खोली बहुतेक वेळ बंद असते. रविवारी १६ तारखेला सभा आहे. खोली या बायकांना वापरायला द्यावी, हा विषय मी लेखी दिला आणि सचिवांनी तो विषयपत्रिकेत घेतलाही. त्या बायकांपैकी दोघींना सभेत बोलू द्यावं म्हटल्यावर मात्र ते अडले. सभासदांखेरीज कुणाला बसता येत नाही, म्हणाले. उपविधींची प्रत मागून घेतली आहे. रात्री वाचून उद्या सकाळी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे, आणि वरच्या जैन आजींच्या मुलानेही बरोबर यावं असं त्याला सांगितलं आहे.